तंत्रस्नेही गुरुजी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत जा, एक तरी तंत्रस्नेही गुरुजी भेटणारच. २०१५ साली सरकारचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि या जमातीला सरकारदरबारी मान मिळाला. त्याआधी गावात त्यांना नुसतं 'मोबाइलवेडं मास्तर' म्हणायचे.

बाकीचे शिक्षक खिशाला पेन लावतात, हे कॉलरला माइक. हजेरीपत्रक एखादे वेळी घरी राहील, ट्रायपॉड राहणार नाही. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की भलत्याच कुणाचा व्हिडिओ उघडतो, हे त्यांच्या आयुष्यातलं खरं दुःख.

त्यांचा व्हिडिओ तीन मिनिटांचा. पहिलं दीड मिनिट फिरता लोगो, गुरुजींचं पूर्ण नाव, शाळा, केंद्र, तालुका, शिवाय केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांचे आभार. शेवटचं एक मिनिट लाइक, शेअर आणि सबस्क्राइब. उरलेल्या अर्ध्या मिनिटात भागाकार. तोही बाकी उरायच्या आत आटोपतो.

कुणी हसलं तर म्हणतात, "बाबूराव पेंटरांच्या गावची माणसं आपण! घरचा कॅमेरा जुळवून १९२० साली 'सैरंध्री' काढला त्यांनी!" ते खरंच आहे. फक्त बाबूरावांचा चित्रपट मूक होता, तेवढा एक गुण गुरुजींनी घेतलेला नाही.

शूटिंग शाळा सुटल्यावर. गळीत हंगामात तेही अवघड. "मुलांनो, पृथ्वी स्वतःभोवती..." म्हणेपर्यंत उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून धडधडत जातो आणि पृथ्वी पुन्हा पहिल्यापासून फिरवावी लागते.

मध्यंतरी गुरुजींनी महाद्वार रोडवरून हिरवं कापड आणलं. हे पाठीमागं लावायचं, मोबाइलमधल्या ॲपनं हिरवा रंग काढून टाकायचा, की तिथं पन्हाळा दाखवा नाहीतर हिमालय. पहिलाच पाठ निवडला 'हरितद्रव्य'. हातात जास्वंदीची फांदी घेऊन गुरुजी दणक्यात बोलले, रात्री एडिटिंग केलं आणि सकाळी प्रोजेक्टर लावला. पडद्यावर हिमालय, हिमालयापुढं गुरुजी, गुरुजींच्या हातात काटक्या आणि अधांतरी दोन लाल फुलं. आवाज येतोय, "हे पाहा हिरवंगार पान!"

"गुरुजी, पानं कुठं हाईत?"

"शेरडानं खाल्ली आसतील," मागच्या बाकावरून उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी चौथीतल्या एका पोरीनं गुरुजींचाच फोन मागून घेतला. शाळेमागं जाऊन जास्वंदीचं पान उन्हाकडं धरलं. हात हलतोय, कोंबडी ओरडतेय, पण पानाची शीर न् शीर दिसतेय. "ह्या शिरंतनं पाणी येतंय, आन् हितं जेवान शिजतंय." चाळीस सेकंदांत खेळ खलास. वर्गानं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायला लावला.

गुरुजी इतके खूश झाले की रात्री जागून त्यांनी त्याला लोगो, स्वागत आणि आभार जोडले. आता तो व्हिडिओ दोन मिनिटं दहा सेकंदांचा आहे.