गडग्यावरची सुनावणी

तांदळाचं धुवण केळीच्या मुळाशी ओतत होते, तेवढ्यात गडग्यापलीकडून काकीची हाक आली.

"बाय, ग्रामपंचायतीच्या फळ्यावरचा कागद वाचलास काय गो? खाडीचा आराखडा करतायत म्हणे. हरकती नि सूचना मागवल्यात."

"वाचला. तुमचं म्हणणं कळवा, असं लिहिलंय."

"माझं म्हणणं!" काकी दोन्ही कोपर गडग्यावर टेकून उभी राहिली. म्हणजे आता माझा भात उशिरा लागणार. "यांची अख्खी हयात या वाशिष्ठीत पाग टाकण्यात गेली, तेव्हा कुणी विचारलं नाही. नातवाने मोबाइलवर नकाशा मोठा करून दाखवला. सगळी नावं इंग्रजीत. तिवरं हिरवी रंगवलीत, बरं केलंनी. पण आमची तिसऱ्यांची पुळण? तिथे नुसतं कोरं."

तिवरांना कायद्याचा आधार आहे, हे मी सांगितलं. हजार चौरस मीटरपेक्षा मोठं कांदळवन असेल, तर त्याभोवती पन्नास मीटरचा पट्टाही राखायचा असतो. पण सुकतीला सात-आठ बायका गुडघाभर पाण्यात उतरून अंगठ्याने चिखल चाचपतात, अंगठ्याला टणक लागलं की वाकून तिसरी उपसतात, ती जागा उपग्रहाला कुठून दिसणार? खरं तर मच्छीमारांच्या सामायिक जागा आणि मासळी वाळवायची खळी नकाशावर दाखवायची, असं 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेतच लिहिलं आहे.

"लिहिलंय तर मग दाखवत का नाहीत?"

"कुणी लेखी मागितलंच नसेल, काकी."

ती जरा गप्प झाली. मग तिची गाडी कोयनेवर गेली, नेहमीसारखी. पोफळीला वीज करून झाली की कोयनेचं अवजल आपल्या वाशिष्ठीत येतं. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी असं पश्चिमेला वळवायची मुभा कृष्णा लवादाने दिलेली. घाटापलीकडच्या नदीचं पाणी दाभोळच्या खाडीत! "गोडं पाणी किती, खारं किती, ते आमच्या जाळ्याला कळतं. आणि वरच्या कारखान्यांचं कायबाय आलं की नाकाला कळतं. बोय पोट वर करून तरंगते, तेव्हा साहेब बाटलीत पाणी भरून नेतात. पुढे त्या बाटलीचं काय होतं, देव जाणे."

मग आवाज खाली आला. "तो बंदराकडचा रिसॉर्टवाला आहे ना, त्याने वकिलाकडून आठ पानी हरकत दिलीन. आठ! आणि आपल्या सगळ्या वाडीचं मिळून एक पान नाही."

हे मला झोंबलं. फाईलमध्ये जे कागद असतात, त्यांचाच विचार होतो; सभेत कितीही ओरडलं तरी इतिवृत्तात एक ओळ येते, तीही 'ग्रामस्थांनी नाराजी व्यक्त केली' एवढीच. तशीच चूल विझवली आणि वही घेतली. काकी सांगत गेली, मी लिहीत गेले: पुळण कुठून कुठवर, होड्या कुठे लागतात, जाळी कुठे वाळतात, मासे कुठल्या महिन्यात मेले. गट नंबर तिला तोंडपाठ.

अर्जाच्या दोन प्रती काढल्यात, एकीवर तारखेसह पोहोच घ्यायची आहे. मुदत सोमवारपर्यंत. वाडीतल्या ज्यांनी सही केलेली नाही, त्यांनी संध्याकाळी गडग्याशी यावं, अंगठाही चालेल.