बास्केटबॉल संघाची उन्हाळवाही

पिकं निघाली की विदर्भातला शेतकरी वावर नांगरतो आणि ढेकळं उन्हात तापायला सोडतो. याला उन्हाळवाही म्हणतात. तणाची मुळं वाळतात, किडींचे कोष उघडे पडतात, पाखरं ते वेचून खातात आणि मृगापर्यंत जमीन भुसभुशीत होते. हरलेल्या बास्केटबॉल संघालाही एप्रिल ते जून नेमकं हेच करायचं असतं. तण कोण, कोष कोण आणि पाखरं कोण, एवढं आधी ठरवून घ्यावं. नंतर त्यावरून भांडणं होतात.

प्रस्तुत मार्गदर्शिका उमरेड आणि पंचक्रोशीतल्या अशा संघांसाठी आहे, ज्यांनी गेल्या हंगामात नागपूरच्या एखाद्या संघाकडून किमान चाळीस गुणांनी मार खाल्ला. एकोणचाळीसने हरलेल्यांनी स्वतःला पुनर्बांधणीतला संघ म्हणवून घेऊ नये. पुनर्बांधणी म्हणजे काय, हे उमरेडकराला शिकवण्याची गरज नाही. नागपूर-नागभीड छोटी रेल्वे 2019 मध्ये रुंदीकरणासाठी थांबली, तेव्हापासून ‘काम चालू आहे’ या तीन शब्दांत किती वर्षं मावतात ते इथल्या शेंबड्या पोट्ट्यालाही ठाऊक आहे. तोच धीर इथे लागतो.

पायरी पहिली : पराभवाची चौकशी

चौकशी समिती तर्री-पोह्याच्या ठेल्यावर बसवावी. समितीत कर्णधार, पीटीचे सर, गुडघा गेलेला एक माजी खेळाडू आणि आयुष्यात कधी न खेळलेला एक जाणकार असावा. हा चौथा सदस्य सर्वांत जास्त बोलेल. बोलू द्यावं, पोह्यांचे पैसे बहुधा तोच देतो.

पराभवाची कारणं पुढील क्रमाने नोंदवावीत. पंच. नागपूरची रिंग, जी आपल्या रिंगसारखी पुढे झुकलेली नव्हती, म्हणून आपले नेम चुकले. एसटी, जिच्यात सगळा संघ उभ्याने गेला. सेंटरच्या चुलतभावाचं लग्न, जिथे सेंटर रात्री दोनपर्यंत वरातीत नाचला.

पाचवं कारण फ्री थ्रो. फळ्यापासून 4.6 मीटरवर उभं राहायचं, समोर कुणी आडवं येत नाही, कुणी हात धरत नाही, आणि तरी वीसपैकी सहाच आत. हे कारण अहवालात येऊ देऊ नये. बाकीच्या चारांवर आपला इलाज नाही. याच्यावर आहे, आणि तो रोज सकाळी करावा लागतो.

पायरी दुसरी : मैदानाचा ताबा

बास्केटबॉलचं मैदान 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद असतं. गुणाकार करून बघा : 420. न्याय संहिता आली आणि 2024 मध्ये फसवणुकीचं ते जुनं कलम इतिहासजमा झालं, मैदानाचं क्षेत्रफळ मात्र आहे तेवढंच आहे. चारशेवीस चौरस मीटर सपाट, झाडलेलं, दिवसभर ऊन खाणारं सिमेंट! मे महिन्यात यावर फक्त खेळाडूंचाच डोळा असेल असं मानणारा माणूस व्यवस्थापक होण्याच्या लायकीचा नाही.

रिंगखालच्या चौकटीत जुन्या साड्या अंथरून कुरडया घातलेल्या असतात. मधल्या वर्तुळात मुगवड्या. तीन गुणांच्या रेषेपलीकडे, म्हणजे 6.75 मीटरच्या बाहेर, लाल मिरची. ही भिवापूरकडची असली तर पासिंगचा सराव शिंकत होतो. लग्नाची तिथी असली तर दोन्ही खांबांना मंडपाचे दोर.

अशा वेळी आवाज चढवू नये. वाटाघाटी कराव्यात. नमुना :

“काकू, निदान अर्धं कोर्ट तरी मोकळं करून द्या ना.”

“मंग कुरडया काय पंख्याखाली वाळवू का बापा? तुम्ही तं तसेही हरूनच येता.”

दुसऱ्या वाक्याला उत्तर नसतं, म्हणून करार करावा. पहाटे साडेपाच ते साडेसात मैदान संघाचं. त्यानंतर सूर्य आणि कुरडया. चेंडू कुरडयांवर पडल्यास फेकणारा खेळाडू काकूंची माफी मागेल आणि मोडलेल्या कुरडया संघ तळून खाईल. या कलमाचा गैरफायदा घेणारे खेळाडू निघतातच. दोन इशाऱ्यांनंतर त्यांना बाकावर बसवावं.

वाळवणाची राखण करायला काकू एक पोरगा बसवतात. वय दहाच्या आसपास, हातात काठी, काम शेळ्या आणि कावळे हाकलण्याचं. त्याची नोंद घेण्याची तूर्त गरज नाही.

पायरी तिसरी : हरण्याचा मोबदला

अमेरिकेच्या एनबीएमध्ये हरणं हा धंद्याचा भाग आहे. तळाला राहिलेल्या संघांना नव्या खेळाडूंच्या निवडीत आधी नंबर मिळण्याची शक्यता जास्त. त्यासाठी चिठ्ठ्या टाकतात. पूर्वी सर्वांत वाईट संघाला पहिल्या निवडीची 25 टक्के संधी असायची. संघ फारच मन लावून हरायला लागले म्हणून 2019 पासून तळाच्या तिघांना प्रत्येकी 14 टक्के केली. फिलाडेल्फियाच्या संघाने तर 2013 पासून सॅम हिंकी या व्यवस्थापकाच्या हाताखाली हरण्याचं शास्त्रच केलं. 82 सामन्यांच्या हंगामात त्यांनी ओळीने 19, 18 आणि 10 सामने जिंकले. प्रेक्षक त्याला श्रद्धेने ‘प्रोसेस’ म्हणायचे. त्यातून जोएल एम्बीड हाती लागला, जो पायाच्या दुखापतीमुळे पहिले दोन हंगाम खेळलाच नाही आणि 2023 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

उमरेडमध्ये ही योजना राबवू नये. हरण्यात आपण फिलाडेल्फियाला कमी नाही, पण मोबदला द्यायला इथे कुणी बसलेलं नाही. आपण तळाला राहिलो म्हणून नागपूरचा शिवाजीनगर जिमखाना आपला उंच खेळाडू आपल्याकडे पाठवत नाही.

तेव्हा निवड आपणच करायची. पद्धत सोपी आहे : दहावीच्या वर्गाबाहेर उभं राहावं आणि दारातून वाकून कोण बाहेर येतो ते बघावं. मग त्याच्या घरी जावं. वडील पहिला प्रश्न विचारतील, “यानं नोकरी लागते का?” घाबरू नये. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, बोर्डाच्या परीक्षेत खेळाचे वाढीव गुण मिळतात. ते कोणत्या पातळीवर खेळल्यावर मिळतात, हा दुसरा प्रश्न येण्याआधी चहा संपवून उठावं. आई फक्त एवढंच विचारेल की उन्हात खेळवता का. तिला खरं सांगावं.

उंची हे सर्वस्व मानू नये. पंजाबच्या बल्लो के गावातला सतनाम सिंग सात फूट दोन इंच. 2015 मध्ये डलासने त्याला 52व्या क्रमांकावर निवडलं, एनबीएने निवडलेला तो पहिला भारतीय. तरी मुख्य लीगमध्ये त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. आपल्याकडच्या पावणेसहा फुटी सेंटरने एवढी गोष्ट ऐकून धीर धरावा.

पायरी चौथी : आपला वाघ राखणे

संघात एक तरी वाघ असतो. तो राखायचा कसा, याबद्दल उमरेडइतका अनुभव जगात कुठल्याच गावाला नसेल.

2013 मध्ये नागझिऱ्याहून एक तरणाबांड वाघ चालत उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात आला. ‘शोले’तल्या जयवरून त्याचं नाव जय. त्याला बघायला देशभरातून गाड्या यायला लागल्या. गळ्यात रेडिओ कॉलर, मागावर वनखातं, चहाच्या टपरीवर त्याचे रोजचे दौरे तोंडपाठ. एवढं सगळं असताना एप्रिल 2016 मध्ये तो दिसेनासा झाला, तो झालाच. फिलाडेल्फियात हिंकीनं राजीनामा दिला तो महिनाही एप्रिल 2016 चाच. दोन्हीकडे पुनर्बांधणी एकदमच थांबली.

आपल्या सेंटरच्या गळ्यात कॉलरसुद्धा नाही. त्याच्या जाण्याचे मार्ग तीन : नागपूरचं कॉलेज, पोलीस भरती आणि पुण्याची कंपनी. एके दिवशी तो सरावाला येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ येऊन जर्सी देऊन जातो, धुतलेली, घडी केलेली. त्या घडीवरून ओळखावं की गडी परत येणार नाही.

उपाय म्हणून त्याला कर्णधार करू नये. कर्णधार लवकर जातात. त्याची जबाबदारी वाढवावी : चेंडू त्याच्या घरी ठेवायला द्यावा. चेंडू घरात असला की माणूस निदान सांगून जातो.

पायरी पाचवी : पगारमर्यादा आणि अदलाबदल

एनबीएत 2024-25 च्या हंगामात एका संघाच्या पगारांची मर्यादा 14 कोटी डॉलरच्या वर होती. आपली मर्यादा म्हणजे वर्गणी, आणि तीही ‘पुढच्या सोमवारी देतो’ या रूपात. तरीही हिशेबाची वही ठेवावी. तीत पहिली ओळ चेंडूची. चामड्याचा चेंडू सिमेंटवर एका उन्हाळ्यात सोलून निघतो, म्हणून सरावाला रबरी. सात नंबरचा, मुलींच्या संघासाठी सहा. दुसरी ओळ जाळ्याची. जाळं बांधायला मंडप-डेकोरेशनवाल्याची शिडी लागते, कारण रिंग 3.05 मीटरवर असते. मंडपाचे दोर तुम्ही शांतपणे सोसले असतील तर शिडी फुकट मिळते. दुसऱ्या पायरीत आवाज चढवू नका म्हटलं, ते यासाठी.

अदलाबदलीचे व्यवहार शेजारच्या व्हॉलीबॉलवाल्यांशी करावेत. हवा भरायचा पंप त्यांच्याकडे असतो, सुई आपल्याकडे. ही सुई हेच आपलं खरं भांडवल. ती उसनी द्यावी, विकू नये आणि कोणत्याही परिस्थितीत त्यांच्या पंपाला लावून ठेवू नये.

नव्या जर्सीचा विषय कुणीतरी काढेलच. पाठीवर नाव हवं, खाली प्रायोजक हवा, रंग शिकागोचा हवा. हा विषय पावसाळ्यापर्यंत लांबवावा.

पायरी सहावी : सराव

जेम्स नेस्मिथ या पीटीच्या सरांनी 1891 च्या डिसेंबरात स्प्रिंगफिल्डला हा खेळ काढला, कारण बाहेर थंडी होती आणि आत कोंडलेली पोरं वात आणत होती. पीचच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या, बूड तसंच ठेवलं. चेंडू पडला की वर चढून काढायचा. नेस्मिथ उमरेडला मे महिन्यात असते तर त्यांनी कॅरम काढला असता. नवतपा लागला की दुपारी सिमेंटवर पाय ठेववत नाही, रिंगला हात लागला तर चटका बसतो. म्हणून सराव पहाटेच, सोबत माठ, कांदा आणि पन्हं.

पोलीस भरतीवाल्यांना वेगळं उभं करावं. ही मंडळी 1600 मीटर धावून आलेली असतात, म्हणजे दम आहे. पण दिवसभर 7.26 किलोचा गोळा फेकलेला हात सहाशे ग्रॅमच्या चेंडूला लागतो तेव्हा चेंडू फळ्यावरून पलीकडे, रस्त्यावर. त्यांना बचावात खेळवावं.

प्रत्येकाने रोज पन्नास फ्री थ्रो मारावेत. पहिल्या आठवड्यात अकराजण येतील. दुसऱ्यात सात, चौघांकडे लग्न आहे. तिसऱ्यात चार. नवतप्याच्या पाचव्या दिवशी तुम्ही एकटेच असाल. याला सरावाचा अंतिम टप्पा म्हणतात.

पायरी सातवी : हजेरीपट तपासणे

विदर्भात शाळा इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. त्या उघडण्याआधी, जूनच्या उत्तरार्धात, हजेरीपट काढून बसावं. सेंटर नागपूरला गेला. फॉरवर्ड भरतीत. माजी खेळाडूचा गुडघा पुन्हा सुजला. जाणकार अजूनही बोलतोय.

आता वाळवणाच्या बाजूला बघा. राखणीला बसलेल्या त्या पोराला साडेसातनंतर यायला सांगितलं होतं. तो साडेपाचलाच येत होता. तुमचा रस्त्यावर गेलेला चेंडू प्रत्येक वेळी त्यानेच आणून दिला. देण्याआधी दोन्ही हातांनी, मांड्यांच्या मधून, खालून वर एकदा रिंगकडे भिरकावून बघितला. एप्रिलमध्ये चेंडू जाळ्यापासून दोन हात खाली राहायचा. मेमध्ये जाळ्याला लागला. काल रिंगच्या खालच्या कडेवर ठण्णकन आदळला आणि परत त्याच्याच डोक्यावर पडला. तो हसला, आणि काठी घेऊन शेळीमागे धावला. अनवाणी, तापलेल्या सिमेंटवरून, टाचा उचलून.

हजेरीपटात त्याचं नाव नाही, ते लिहावं. मग वर्गणीची वही उघडून किती उरले ते मोजावं, जर्सीचा विषय कायमचा मिटवावा आणि त्याला घेऊन बुटांच्या दुकानात जावं. दुकानदार अंगठ्याने पुढचं टोक दाबून म्हणेल, “हे बघा, बरोब्बर बसले.”

ते घेऊ नयेत. एक नंबर मोठे मागावेत.