गडबड कशाची करायलास?

तात्यांना तुम्ही ओळखता. गाव वेगळं असेल, पण घरात माल धरून 'अजून चढंल' म्हणणारा माणूस तुमच्याही गल्लीत असणारच. आमचे तात्या हिमायतनगरचे, आणि त्यांचं वाक्य एकच : "गडबड कशाची करायलास?"

नांदेडला निघालेल्या जीपमध्ये दोन जागा रिकाम्या असतात, तात्या बसत नाहीत. मागून सगळीच रिकामी येईल! मागून येते ती टपावर माणसं घेऊन. महाशिवरात्रीला परमेश्वराच्या दर्शनाची रांग आखूड दिसली तरी हे बाजूला उभे, आणखी आखूड होईल म्हणून. पुतणीच्या लग्नात पहिली पंगत सोडली, दुसरी सोडली. तिसरीला जिलेबी संपली. "गडबड कशाची करायलास?" हे त्यांनी वाढप्यालाही ऐकवलं.

दुखणं 2020 सालचं. त्या दिवाळीत सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 3,880. तात्यांनी चारेक हजारांनी विकलं आणि खुशीत मोंढ्यातून पेढे आणले. पुढच्या पावसाळ्यात लातूरला तेच सोयाबीन दहा हजारांवर गेलं. ते पेढे तात्यांना अजून पचलेले नाहीत.

तेव्हापासून विकणं बंद. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रानं बारा लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला मोकळीक दिली, नवं पीक येईस्तोवर भाव निम्म्यावर आला आणि डिसेंबरात वायदेही बंद झाले. (आपला भाव पडला की दिल्लीला गाढ झोप लागते, चढला की मध्यरात्रीही जाग येते.) मग 2022 च्या उन्हाळ्यात कापूस काही बाजारांत बारा हजारांवर गेला, तो आकडा तात्यांच्या डोक्यात बसला. पुढच्या हंगामात नऊ हजारांच्या घरात भाव असताना त्यांनी कापूस माजघरात भरला. कापूस आत, माणसं ओसरीत. उन्हाळ्यात नातवंडं कराकरा अंग खाजवू लागली. काकू म्हणाल्या, "ह्यांच्या मनाची खाज, आन् आमच्या अंगाला." भाव तोवर सात हजारांकडे घसरला होता.

पुण्याच्या पुतण्यानं 'स्टॉप लॉस' समजावून सांगितला. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आरं, इकल्यावर लॉस व्हतो. इकलंच न्हाई तर लॉस कशाचा?" पुतण्या स्वतः ऑप्शनमध्ये खेळतो. सप्टेंबर 2024 मध्ये सेबीनं जाहीर केलं, की तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या शंभरातल्या 93 वैयक्तिक गुंतवणूकदारांचा तोटा झाला. हे कळल्यावर तात्या म्हणाले, "म्हंजे तुमच्यात सात जण तरी थांबले म्हणायचं!"

चिडचिड होते खरी. पण हावरट म्हणायला जीभ रेटत नाही. तात्यांचे वडील भाव विचारायच्या भानगडीत कधी पडले नाहीत. पेरणीला आडत्याची उचल घेतलेली असायची, माल खळ्यावरूनच त्याच्या गाडीत चढायचा. पट्टीवरचा आकडा हा निरोप असायचा, सौदा नव्हे. तात्यांच्या दारात व्यापाऱ्याचा माणूस येतो, "तात्या, देता का?" विचारतो आणि तात्या पान लावत "बघू" म्हणतात. त्या 'बघू'साठी ते दर क्विंटलला हजार-दोन हजार मोजतात, एवढंच.

घर चालतं काकूंच्या हिशेबावर. तेल संपलं, वही हवी, पाहुणे आले, की त्या मागच्या दारानं पाच-दहा किलो कापूस गावातल्या दुकानावर पाठवतात. थोडा चढ्या भावात गेला, थोडा पडत्या. सरासरी काढली तर तात्यांपेक्षा काकूंना नक्कीच बरा भाव पडला असेल.

ढीग भिंतीपासून हातभर सरकलाय हे तात्यांना दिसत नाही, असं नाही. मी नुसतं तिकडं बघितलं तर म्हणाले, "उन्हाळ्यात घट येतीच कापसाला."

आतून काकूंच्या बांगड्या वाजल्या. तात्यांनी आवाज चढवला, "यंदा जरा जास्तच आली!"