पुणेस्थित यजमानांस बिनपगारी व्यवस्थापकाचे पत्र

प्रति,
श्रीयुत यजमानसाहेब,
फ्लॅट क्रमांक 302, जळगाव (मुक्काम कायमचा पुणे)

विषय : पाच चांदण्यांबद्दल हार्दिक अभिनंदन.

स. न. वि. वि.

काल सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण पाहुण्यांच्या अभिप्रायाचा फोटो टाकलात. ‘यजमान अतिशय प्रेमळ. सकाळी गरम पोहे, रात्री शेवभाजी, निघताना वाटेसाठी केळी.’ पाचपैकी पाच चांदण्या. खाली आपण हात जोडून लिहिलंत, ‘आपणा सर्वांच्या आशीर्वादाने.’ आमची ही चष्मा पुसून दोनदा वाचत होती. म्हणाली, ‘आशीर्वाद कसले? पोहे होते ते. आणि माझे होते.’

आपल्या फ्लॅटचं नाव ‘अजिंठा व्ह्यू’. लेणी इथून साठेक किलोमीटर, तीही दुसऱ्या जिल्ह्यात. बाल्कनीतून दिसते ती डाळमिल. पण नावाबद्दल माझी तक्रार नाही. नाव ठेवायला पैसे पडत नाहीत, आणि पैसे पडत नाहीत अशा सगळ्या गोष्टी आपण मनापासून करता.

तक्रार आहे ती हा अभिप्राय लिहिणाऱ्या जपानी जोडप्यावरून. रविवारी रात्री ती दोघं आली. चावी नेहमीप्रमाणे आमच्या कालनिर्णयाच्या खिळ्याला. सोमवारी पहाटे टॅक्सी करून लेण्यांकडे गेली आणि दुपारच्या आत परत येऊन आमच्या दारात उभी राहिली. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. जळगाव स्टेशनाबाहेरच्या कुठल्याही रिक्षावाल्याला हे झोपेतून उठवून विचारा. आपल्या जाहिरातीत मात्र ‘लेणी रोज खुली’. शेवटच्या ओळीत ‘काही अडचण आल्यास शेजारचे काका तत्पर’ आणि पुढे माझा मोबाइल नंबर. मला न विचारता! ती बाई रडवेली झाली होती, तो बिचारा वाकून वाकून माझीच माफी मागत होता. मग पोहे झाले, एसीच्या रिमोटचे सेल झाले, संध्याकाळी शेवभाजी झाली. शेवभाजीतलं तिखट हिनं निम्मं केलं, तरी दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोघं वाढून घेत होती. मंगळवारी टॅक्सी मी ठरवून दिली. फर्दापूरला गाडी सोडून पुढे एसटीच्या बसनं लेण्यांपर्यंत जायचं, हे कागदावर चित्र काढून समजावलं.

आणि आपण कुठे होता? फोनवर. ‘काका, तेवढे पासपोर्टचे फोटो पाठवा ना, सी फॉर्म भरायचाय.’ परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची, हा नियम ठेवून घेणाऱ्यासाठी आहे, शेजाऱ्यासाठी नाही. उद्या पोलीस चौकशीला आले तर बेल कुणाची वाजवतील? पुण्याची तर नक्कीच नाही.

लग्नसराईचं थोडक्यात सांगतो. धुळ्याचं वऱ्हाड आलं होतं. बुकिंग सहा जणांचं. आंघोळीला किती होते ते मोजायचं धाडस झालं नाही. नळाला रोज पाणी नसलेल्या या गावात सकाळी आठलाच टाकी कोरडी. त्यांच्यातली एक आजी माझ्याच दारात येऊन म्हणाली, ‘भाऊ, पानी नही शे!’ टँकर मी मागवला, पैसे सगळ्या सोसायटीनं भरले. लिफ्टमधला पानाचा डाग अजून आहे. आणि सोसायटीनं आपल्याकडून काय वसूल करावं? बिनभोगवटा शुल्क, तेही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या आत. त्यात लिफ्ट, टाकी, वॉचमन आणि माझी झोप!

या धंद्याचा उगम आपणच मला मोठ्या कौतुकानं ऐकवला होता. 2007 साली सॅन फ्रान्सिस्कोत दोन तरुणांना भाडं परवडेना, म्हणून त्यांनी राहत्या घरात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले. ऐकलं ना? राहत्या घरात. नाश्ता तेच देत होते. आपल्या केंद्र सरकारच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेचीही हीच अट, की मालकानं कुटुंबासह तिथेच राहायला हवं. न्यूयॉर्कनं 2023 पासून 30 दिवसांहून कमी मुक्कामाला मालक घरात हजर असण्याची सक्ती केली. म्हणजे पाहुणा ठेवायचा तर घरात माणूस लागतं, हे सगळ्या जगाला कळलंय. आपण फक्त ते माणूस फुकटात मिळवलंत.

अरे, लाज वाटत नाही का तुला? आता ‘आपण’ बस झालं. माझं बीपी वाढलंय, हिचे गुडघे गेलेत, आणि रात्री दीडला बेल वाजली की आम्ही दोघं दचकून उठतो. आमच्या वयात रात्रीची बेल म्हणजे वाईट बातमी असते, बाबा. वायफायचा पासवर्ड नसतो.

पण तुझ्यावर पुरतं रागावताही येत नाही. तुझे आप्पा मला ठाऊक आहेत. यावलकडची त्यांची केळी मी पाहिलीय. एका वर्षी घड लागलेली बाग वादळानं तासाभरात आडवी केली, पुढं सीएमव्ही या केळीवरच्या विषाणू-रोगानं खोडं उपटून फेकायला लावली. उरलेलं पतसंस्थेत ठेवलं, तिथंही बुडालं. या जिल्ह्यात असं झालेलं घर शोधावं लागत नाही. शेवटी जमिनीचा तुकडा विकून त्यांनी तुझ्या नावानं हा फ्लॅट घेतला, उरलेलं कर्ज तुझ्या डोक्यावर. भिंतीला करपा लागत नाही, असं म्हणाले होते. तू त्यांना एक्सेल दाखवलंस. त्यात महिना तीस दिवसांचा आणि तीसही दिवस पाहुणा. चातुर्मासात लग्नं नसतात, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत लेणी बघायला कुत्रं येत नाही, हे त्यात नव्हतं. आता हप्ता चुकत नाही आणि पाहुणा चुकतो. दीड वाजता तुला फोन लावला तर पहिल्याच रिंगला उचलतोस. तूही झोपलेला नसतोस, हे कळतं मला.

म्हणूनच सांगतो. येत्या एक तारखेपासून चावी माझ्याकडे नसेल आणि माझा नंबर जाहिरातीतून गेलेला असेल. गावातल्याच एखाद्या गरजू बाईला नाहीतर मुलाला रीतसर पगारावर ठेव. चावी, साफसफाई, नाश्ता, लेणी कधी बंद ते सांगणं, सगळं त्यांच्याकडे. नाही जमलं तर एखाद्या बँकवाल्या कुटुंबाला महिन्याच्या भाड्यानं दे; पैसे कमी येतील, पण तुलाही झोप लागेल. आणि तो पगार तुझ्या एक्सेलमध्ये बसतच नसेल, तर हा धंदा पहिल्या दिवसापासून तोट्यातच आहे. इतके दिवस तो तोटा आम्ही भरत होतो, एवढंच.

कळावे. लोभ आहेच, तो आणखी वाढू नये ही विनंती.

आपला,
301 मधले तत्पर काका