पैठणी नेसलेल्या बाईला कामं सांगू नयेत

मराठी लग्नात दोनच माणसांना कुणी काम सांगत नाही. एक नवरदेव आणि दुसरी पैठणी नेसून आलेली काकू. तिला मठ्ठा वाढायला सांगता येत नाही, तिच्या कडेवर मूल देता येत नाही. बुफेच्या रांगेत तिच्या पुढेमागे दोन हात जागा आपोआप मोकळी होते. कुणी रश्श्याची वाटी घेऊन जवळून गेलं, की ती श्वास रोखते. वाटी लांब गेली, की मग अक्षता टाकते.

गंमत अशी, की हे वस्त्र मुळात इतकं लेचंपेचं नाही. पैठणीच्या काठापदरावरचे मोर, मुनिया, अस्सावलीचे वेल वरून भरलेले नसतात, विणतानाच घडतात. येवल्याचा विणकर पदरातल्या प्रत्येक रंगासाठी वेगळी कांडी घेतो, ती त्या रंगापुरतीच फिरवतो आणि शेजारच्या धाग्यात गुंतवून परत आणतो. म्हणून अस्सल पदराची उलटी बाजू जवळजवळ सुलटीसारखीच दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. साधी पैठणी काही आठवड्यांत मागावरून उतरते. पदर भरगच्च असेल तर महिनोन्‌महिने लागतात.

इतक्या खटाटोपाने उभे केलेले हे मोर नेसणारी बाई पाच निऱ्यांत दुमडते आणि वर सेफ्टी पिन टोचते. मोराची चोच पहिल्या निरीत, पिसारा चौथ्या निरीत, मधला मोर बेपत्ता. पदर मोकळा सोडावा तर एक हात कायमचा त्यालाच सांभाळण्यात जातो. गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पुढे घेतला तर नक्षी समोर दिसते, पण मग आजेसासूबाई दिसतात आणि विचार बदलतो. पिन लावायचीच असेल तर तिच्यात आधी एक मणी ओवावा. पिनेच्या वेटोळ्यात रेशीम अडकून फाटतं, ते त्यामुळे वाचतं. दागिन्यांत नथ आणि ठुशी पुरे. काठावर एवढी जर असताना गळ्यात आणखी चार सर घातले, की बघणाऱ्याला आधी काय बघावं ते कळत नाही.

खरा छळ पुढे कपाटात होतो. 'जपून ठेवते' असं म्हणून पैठणी प्लास्टिकच्या पिशवीत घालतात, तिच्यावर डांबराच्या गोळ्या टाकतात आणि वर तीन साड्यांचा भार देतात. प्लास्टिकमध्ये दमट हवा कोंडते. चांदीची जर असेल तर ती काळवंडते, गोळ्या थेट जरीला लागल्या तर आणखी नुकसान. मुख्य म्हणजे वर्षानुवर्षं एकाच रेषेवर घडी राहिली, की रेशीम त्याच रेषेवर चिरतं. म्हणजे एकाही लग्नाला न गेलेली पैठणी कपाटातल्या कपाटात फाटलेली असते! त्यापेक्षा धुतलेलं मऊ धोतर किंवा मलमल घ्यावी, तिच्यात पैठणी गुंडाळावी आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या ठिकाणी घालावी. नेसून आल्यावर सावलीत वारा द्यावा. अत्तर उडवायचं ते नेसण्याआधी, अंगावर. रेशीम हे प्रथिन आहे; आपल्याला ते वस्त्र वाटतं, कसरीला जेवण. त्यावर जिलबीचा पाक सांडलेला असेल तर मिष्टान्नासह.

एवढं करून ती पैठणी कुणाला उसनी द्यावी का? 'गोष्ट एका पैठणीची' या चित्रपटात उसन्या आणलेल्या पैठणीला इजा होते आणि पुढचं सगळं घडतं. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठी बायकांना वेगळ्या भयपटाची गरज का पडत नाही, ते या कथेवरून समजावं. दुसरीकडे 'होम मिनिस्टर' या टीव्ही कार्यक्रमाने वर्षानुवर्षं संध्याकाळी घरोघरी पैठणी वाटली, आणि २०२२ मध्ये त्याच्याच 'महामिनिस्टर' पर्वात तर ११ लाखांची पैठणी बक्षीस होती. ती जिंकणारीला लग्नात कुणी अक्षतासुद्धा टाकायला सांगू नये.

पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण यंत्रमागावरच्या 'सेमी' पैठण्यांना त्याची फारशी फिकीर नाही. मग प्रत्येक कुटुंबात एक आत्या पारखी म्हणून उभी राहते. ती कडेचा एक धागा ओढून काडीने पेटवते. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरगळली तर रेशीम. वितळून टणक गोळी झाली तर पॉलिएस्टर. आत्या वास घेते, मान डोलावते आणि 'अस्सल येवला' असा निकाल देते. वास्तविक काडीने फक्त रेशीम कळतं; यंत्रमागावर विणलेलं रेशीमही तेवढंच जळतं आणि तसाच वास देतं. माग ओळखायचा तर पदर उलटा करूनच पाहावा लागतो, आणि नेसलेल्या बाईचा पदर भर मांडवात उलटा करून पाहण्याइतका हक्क फक्त नणंदेचा.