निम्म्याचा हिशेब

बेळगावजवळच्या कडोलीत कुणाच्या विहिरीवरची मोटार जळाली की आप्पांचा निकाल तिथल्या तिथे: "रिवाइंडिंग नको गा, नवी बसव." दुसऱ्याच्या वस्तूबद्दल आप्पा असे तडकाफडकी. स्वतःच्या लॅपटॉपची सुनावणी मात्र वर्षानुवर्षं चालू आहे. याचं गावात कुणाला नवल नाही. सीमाप्रश्नाचा दावाच 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तिथे एका लॅपटॉपचं काय!

आप्पा निवृत्त मास्तर. लॅपटॉप 2014 चा, मुलाने बेंगळूरहून पाठवलेला. बिजागरी तुटल्यामुळे पडद्याला मागून विटेचा टेकू. एक बटण उडालंय. खालच्या रबराच्या बोंडावर आप्पा नख टेकवतात, तेव्हा कुठे कडोलीतला 'क' उमटतो. बॅटरी फुगल्याने टचपॅड वर आलाय. आतला बटणसेल संपल्यामुळे चालू केला की तारीख काही वर्षं मागे जाते. "बघ, ह्याला वय लागत न्हाई," आप्पा कौतुकाने सांगतात.

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तर नवा घ्यावा, हा नियम आप्पांना मान्य आहे. "बॅटरी निम्म्यात जातीया? न्हाई. बिजागरी? न्हाई. कीबोर्ड? तोही न्हाई." तिन्हींची बेरीज करावी असं सुनेने एकदा सुचवलं. "नियमात बेरीज कुठं हाय?" असं विचारून गणिताच्या मास्तरांनी तिला गप्प केलं.

मग टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप वायरच्या पिशवीत घालून आप्पा बेळगावची बस धरतात. खडेबाजार, रामदेव गल्ली, टिळकवाडी. प्रत्येक दुकानात कहाणी पहिल्यापासून. एक म्हणतो बोर्ड गेलाय. दुसरा म्हणतो बोर्डाला काही झालेलं नाही, हार्डडिस्क काढून एसएसडी घाला, पळेल. आप्पांचा चेहरा खुलतो. मतभेद आहे म्हणजे केस अजून उभी आहे. पुढच्या आठवड्यात तिसरं मत.

एकदा मुलाने फोनवरून दटावलं म्हणून नवा बघायला शोरूममध्येही गेले. विक्रेत्याने पातळसा लॅपटॉप पुढे सरकवला. आप्पांनी तो आधी उलटा केला.

"रॅम वाढवता येती?"

"नाही सर, बोर्डालाच सोल्डर आहे."

"बॅटरी?"

"आत चिकटवलेली असते."

"स्क्रू कुठले हे? आमच्या पान्याला लागंनात."

"सर, उघडायचा कशाला?"

आप्पा उठलेच. "ज्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली सायकलचं दुकान काढलं, सायकली खोलून जोडता जोडता लोखंडी नांगरापर्यंत गेले, त्या गावात हा पोरगा मला विचारतोय, उघडायचा कशाला!" हे त्यांनी बसमध्ये शेजारच्याला ऐकवलं. तो बिचारा काकतीला उतरणार होता, म्हणून थोडक्यात सुटला.

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित आधार थांबवला. विंडोज 11 ला आप्पांचा प्रोसेसर चालत नाही. आता निकाल लागणार, असं घरच्यांना वाटलं. खरं, जानेवारीतल्या कडोलीच्या साहित्य संमेलनात वाचायचा म्हणून आप्पांनी लिहिलेला लेख त्यातच होता, तोही जुन्या श्रीलिपीत. सुनेच्या मोबाइलवर उघडला तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

शेवटी शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा सुट्टीला आला आणि कुणाला न विचारता पाना घेऊन बसला. फुगलेली बॅटरी काढून बाजूला ठेवली, "आप्पा, ही घरात ठेवू नका, पेट घेईल," म्हणाला. एसएसडी घातली, सेल बदलला, लिनक्स टाकलं, लेख युनिकोडमध्ये करून दिला. लिनक्स फुकट, बाकी खर्च निम्म्याच्या जवळपासही नाही, बेरीज करूनसुद्धा. लॅपटॉप चहा गाळेपर्यंत चालू झाला, तारीखही आजची.

"झालं आप्पा. आता कुठं न्यायची गरज न्हाई."

आप्पांचा चेहरा पडला. त्यांनी खुंटीवरच्या वायरच्या पिशवीकडे पाहिलं, लॅपटॉपला कान लावला आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"खरं, पंखा जरा घरघरतोय न्हवं गा? रामदेव गल्लीत दाखवून येतो की."