यात कॅच काय?

आमच्या सोसायटीत त्यांना कॅचकाका म्हणतात. तोंडावर अर्थातच नाही. दोन साबणांवर एक फुकट मिळाला, की काका तिन्ही वड्या काट्यावर ठेवून वजन करतात. मोफत रक्ततपासणीचं शिबिर भरलं, तर रांगेत उभं राहून विचारतात, "घेतलेलं रक्त पुढे जातं कुठे?" पुनर्विकासाच्या सभेत सगळे वाढीव चौरस फुटांवर खूश असताना काकांनी फक्त सामोसा वर धरला. "हा कोणाच्या पैशाचा? यात कॅच काय?" सभा मोडली. सामोसा मात्र त्यांनी खाल्ला.

काकूंना पाहायला गेले तेव्हाही म्हणे हाच प्रश्न मनात होता. काकू म्हणतात, "होता ना कॅच! पण तो माझ्या वाट्याला आला."

मराठीत यासाठी गोम आहे, मेख आहे, पाणी मुरणं आहे. पण काकांना कॅचच लागतो, आणि त्या शब्दावर त्यांचा रागही तितकाच. नातवाचा इंग्रजीचा अभ्यास घेताना भिंतीपलीकडून ऐकू येतं, "अरे, या लोकांकडे क्रियापदांचा दुष्काळ! चोर कॅच, बस कॅच, बोलणं कळलं तरी कॅच. आपण चोर पकडतो, बस गाठतो, झेल घेतो. आणि सर्दी? ती आपल्याला होते. इंग्रज तिलाही कॅच करतो!" एकदा मी सांगितलं की 'कॅच' आणि पाठलागाचा 'चेस' हे दोन्ही एकाच लॅटिन शब्दाचे वंशज. काका समाधानाने म्हणाले, "बघा, म्हणजे आधी सर्दीच्या मागे धावतात."

काकांचा संशय विरघळतो तो एकाच नावाने: एकनाथ सोलकर. 27 कसोटींत 53 झेल. तेही फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या नाकासमोर, डोक्यावर हेल्मेट नसताना. "तिथे कॅच नव्हता, नुसते कॅचेस होते," म्हणताना काकांचे डोळे भरतात. 1983च्या अंतिम सामन्यात कपिलदेवने मागे धावत घेतलेला रिचर्ड्सचा झेल त्यांना मान्य आहे, पण टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहून खात्री केल्यानंतर.

परवा पोरं खाली खेळत होती. काका पहिल्या मजल्याच्या गॅलरीत पेपर वाचत बसलेले. उंच उडालेला चेंडू थेट त्यांच्याकडे आला आणि काय झालं कोणास ठाऊक, पेपर सोडून त्यांनी तो एका हातात झेलला. खाली एकच गिल्ला. "आऊट!" "कसला आऊट? काका कुठे आमच्या टीममध्ये आहेत?" "मग कोणाच्या टीममध्ये आहेत?" शेवटी सगळ्यांनी माना वर केल्या.

काकांनी चेंडू उलटसुलट फिरवून पाहिला. मग कठड्यावरून वाकून, आयुष्यात प्रथमच प्रश्नचिन्ह न लावता, ते म्हणाले, "यात कॅच आहे."